पाणमांजराला कायद्याचे संरक्षण मिळवून देताना: नदीकाठच्या नागरिकांसाठी मार्गदर्शक

जानेवारीतल्या एका सकाळी नदीच्या वळणावर, करंजाच्या उघड्या पडलेल्या मुळांमध्ये मला दुचाकीच्या क्लच वायरचा एक फास दिसला. वायरचे एक टोक मुळाला घट्ट बांधलेले होते, दुसऱ्याची सरकगाठ बिळाच्या तोंडाशी उभी केली होती आणि खालच्या ओल्या मातीत पाच बोटांचे ठसे उमटलेले होते. मी तो फास सोडवला, पिशवीत घातला आणि घरी आणला. प्राण्याचा जीव वाचवल्याचे समाधान मला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी वनरक्षक आले आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "फास नेमका कुठे होता?" मी जागा दाखवली, पण तिथे आता काहीच नव्हते. पंचनामा करण्याजोगी वस्तू माझ्या घरात होती आणि ती तिथेच लावलेली होती हे सांगायला माझ्या शब्दापलीकडे काही उरले नव्हते.

त्यानंतरच्या काही वर्षांत तक्रारी, माहितीचे अर्ज, ग्रामसभेचे ठराव आणि बऱ्याच चकरा यांतून जे शिकलो, ते इथे क्रमाने मांडत आहे. वन्यजीव कायदा कडक आहे. मात्र तो चालतो तो तारीख, ठिकाण आणि आवक क्रमांक असलेल्या कागदावर. दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली: कायदा प्राण्याला वाचवतो, पण तो प्राणी ज्या काठावर राहतो त्या काठाला आपोआप वाचवत नाही. म्हणून प्राण्यासाठी आणि जागेसाठी अशी दोन वेगवेगळी कामे करावी लागतात.

१. प्राणी ओळखा आणि त्याचे नाव बिनचूक लिहा

पाणमांजराच्या मागच्या आणि पुढच्या दोन्ही पायांना पाच बोटे असतात आणि बोटांमध्ये पडदा असतो. कुत्र्याच्या आणि मांजराच्या ठशात चारच बोटे उमटतात, त्यामुळे ओल्या वाळूवरचा स्पष्ट ठसा बराचसा संशय दूर करतो. मुंगसाशी मात्र लांबून गल्लत होते. पोहताना शेपटीकडे लक्ष द्या, कारण पाणमांजराची शेपटी बुडाशी जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते.

महाराष्ट्रात साधारणपणे ज्याच्याशी आपली गाठ पडते ते स्मूथ-कोटेड पाणमांजर. त्याचे शास्त्रीय नाव लुट्रोगेल पर्स्पिसिलाटा. त्याचे वजन सुमारे ७ ते ११ किलो भरते आणि ते बहुधा कुटुंबाने वावरते. पश्चिम घाटातल्या ओढ्यांवर आशियाई लहान नख्यांचे पाणमांजर, म्हणजे एओनिक्स सिनेरियस, आढळते. ते आकाराने बरेच लहान असते आणि त्याचा भर खेकड्यांवर असतो. विष्ठेवरूनही अंदाज येतो. माशांचे खवले आणि काटे जास्त दिसले तर पहिले, खेकड्याच्या कवचाचा चुरा जास्त दिसला तर कदाचित दुसरे. केवळ विष्ठेवरून प्रजाती ठामपणे लिहू नका; "पाणमांजर, प्रजाती निश्चित करणे बाकी" असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

नावाचा एक सापळा आहे. "ऊद" किंवा "उदमांजर" हा शब्द काही लोक पाणमांजरासाठी वापरतात, पण पुष्कळ लोक झाडावर चढणाऱ्या, कांडेचोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्राण्याला उदमांजर म्हणतात. माझ्या पहिल्या लेखी तक्रारीत मी "उदमांजर" असे लिहिले आणि उत्तर त्या दुसऱ्या प्राण्याबद्दल आले. तेव्हापासून मी मराठी नावापुढे शास्त्रीय नाव न चुकता लिहितो.

२. कायद्याचा चालू मजकूर वाचा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा मूळ कायदा आहे. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीने अनुसूचींची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या याद्यांची, सगळी मांडणी बदलली. जुन्या पुस्तिकांमध्ये स्मूथ-कोटेड पाणमांजर "अनुसूची २, भाग २" मध्ये दाखवलेले आढळेल, पण तो भागच आता राहिलेला नाही. जुना क्रमांक लिहिलेली तक्रार पहिल्याच टेबलावर कमकुवत होते. म्हणून चालू अनुसूची उघडा, शास्त्रीय नावाने नोंद शोधा आणि तीच तक्रारीत उतरवा. लहान नख्यांचे पाणमांजर दुरुस्तीपूर्वीही अनुसूची १ मध्ये होते आणि आताही आहे.

कलम ९ नुसार अनुसूची १ आणि २ मधील कोणत्याही वन्यप्राण्याची शिकार करण्यास मनाई आहे. त्यातला "शिकार" हा शब्द आपण बोलताना वापरतो त्यापेक्षा कितीतरी व्यापक आहे. कलम २ च्या पोटकलम १६ मधील व्याख्येत मारणे, विष घालणे, पकडणे, फास किंवा सापळा लावणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सर्व येते. म्हणजे फासात काहीही सापडले नसले तरी फास लावणे हाच शिकारीचा प्रयत्न ठरतो. बिळात धूर करून पाणमांजराला बाहेर काढणे हेही हाकण्यात मोडू शकते. "काही मेलं तर नाही ना, मग गुन्हा कसला?" हे वाक्य तुम्हाला अनेकदा ऐकावे लागेल, अशा वेळी ही व्याख्या छापून जवळ ठेवलेली बरी.

शिक्षा कलम ५१ मध्ये आहे. प्राणी अनुसूची १ मधील असेल तर किमान ३ वर्षे आणि जास्तीत जास्त ७ वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड होतो. इतर सर्वसाधारण उल्लंघनासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम ५७ नुसार प्राणी, त्याचे मांस किंवा कातडे एखाद्याच्या ताब्यात सापडले, तर तो ताबा कायदेशीर असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच असते.

आता याच व्याख्येतली उणीव पाहा. पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंडी आणि घरटी यांना धक्का लावणे हेही शिकारीत धरले आहे. सस्तन प्राण्यांच्या बिळाचा मात्र तिथे उल्लेख नाही. अभयारण्याबाहेरच्या नदीकाठी कोणी जेसीबीने काठ खरवडला आणि त्यात पाणमांजराचे रिकामे बीळ गेले, तर केवळ त्या कृतीवर शिकारीचा गुन्हा उभा करणे फार अवघड जाते. आठवी पायरी त्यासाठीच आहे.

३. तक्रारीच्या आधीपासून नोंदवही ठेवा

एक जाड वही घ्या आणि प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, जागा, काय दिसले आणि सोबत कोण होते हे तिथेच लिहा. पाणमांजरे ठरावीक खडकांवर वारंवार विष्ठा टाकतात. असे खडक म्हणजे तुमच्या नोंदीचे कायमचे मुक्काम. फोटो काढताना ठशाशेजारी मोजपट्टी ठेवा आणि एक फोटो जवळून, तर एक आजूबाजूची झाडे आणि वळण दिसेल असा लांबून घ्या. मूळ फाइल ज्या फोनमध्ये किंवा कार्डवर आहे तिथून पुसू नका. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते आणि तिच्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ उपकरण हाताशी असेल तर ते देणे सोपे जाते.

बिळापासून लांब राहा. पिल्ले असताना माणसांची वर्दळ वाढली तर मादी त्यांना घेऊन दुसरीकडे जाते. बिळाचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण फोटोखालच्या गावाच्या नावावरून जागा शोधत येणारे सगळेच लोक निसर्गप्रेमी नसतात.

४. फास, सापळा किंवा मृत प्राणी दिसल्यास

सुरुवातीला सांगितलेली माझी चूक पुन्हा कोणाकडून होऊ नये म्हणून हा क्रम पाळा.

पहिली गोष्ट म्हणजे हात लावू नका. प्राणी जिवंत अडकलेला असेल तरी स्वतः सोडवायला जाऊ नका. घाबरलेल्या पाणमांजराचा चावा हाडापर्यंत जातो आणि ओढाताणीत वायर आणखी रुतते. लगेच महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि त्याच वेळी जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयालाही कळवा. फोन केल्याची वेळ आणि पलीकडून बोलणाऱ्याचे पद वहीत लिहा.

मग आहे त्या जागेवरून फोटो आणि एक सलग व्हिडिओ घ्या. व्हिडिओत आधी ओळखता येईल अशी खूण, म्हणजे पूल, पंपघर किंवा मोठे झाड दाखवा आणि तिथून न थांबता फासापर्यंत या. असा न तोडलेला व्हिडिओ जागेच्या वादाला जागा ठेवत नाही.

त्यानंतर वनकर्मचारी येईपर्यंत शक्यतो दोघांनी तिथे थांबा. पंचनामा होताना पंच म्हणून सही करायची असेल तर मजकूर पूर्ण वाचा. फासाची लांबी, वायरचा प्रकार, कशाला बांधला होता, बिळापासूनचे अंतर, जागेचा गट नंबर किंवा नदीपात्राचा उल्लेख हे सर्व त्यात आले पाहिजे. जप्त केलेला मुद्देमाल तुमच्यासमोर मोहोरबंद झाला का, हेही पाहा. घाईत लिहिलेल्या पंचनाम्यात "नदीकिनारी" एवढेच ठिकाण लिहिलेले मी पाहिले आहे. ती नदी चाळीस-पन्नास गावांच्या कडेने जाते, तिथे एवढ्या पत्त्याचा काय उपयोग?

विषामुळे किंवा स्फोटामुळे मासे मेलेले दिसले तर त्याचीही वेगळी नोंद घ्या. जिलेटिनच्या कांड्या फोडून किंवा पाण्यात विष टाकून मासे मारणे हा भारतीय मत्स्य अधिनियम, १८९७ च्या कलम ४ आणि ५ नुसार गुन्हा आहे आणि त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. अशा घटनांत पाणमांजराचा मृतदेह नेहमीच सापडतो असे नाही. तेव्हा माशांचा गुन्हा नोंदवणे हाही पाणमांजराला वाचवण्याचा मार्ग आहे.

५. तक्रार लिहा आणि पोच घ्या

तोंडी सांगणे ही केवळ सूचना असते. मी दोनदा तोंडी सांगितले आणि दोन्ही वेळा कार्यालयात त्याचा कुठलाही माग राहिला नाही. लेखी तक्रार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे द्या आणि प्रत उपवनसंरक्षकांना पाठवा. जिल्ह्यात मानद वन्यजीव रक्षक नेमलेले असतील तर त्यांनाही प्रत द्या. ते कार्यालयाच्या आणि गावाच्या मधला दुवा असतात आणि त्यांच्या एका फोनने अडलेले काम मार्गी लागल्याचा अनुभव मला आहे. कातडीच्या किंवा जिवंत प्राण्यांच्या व्यापाराचा संशय असेल तर वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोलाही कळवा. स्मूथ-कोटेड आणि लहान नख्यांचे, ही दोन्ही पाणमांजरे २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये घेतली गेली आहेत, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे.

तक्रारीसोबत पुढील कागद जोडा:

- घटनेचे साध्या भाषेतले वर्णन, तारीख आणि वेळेसह
- जागेचे अक्षांश-रेखांश आणि गाव नकाशाची प्रत, त्यावर खूण केलेली
- फोटोंच्या छापील प्रती, प्रत्येकामागे तारीख आणि सही
- नोंदवहीतील संबंधित पानांच्या छायाप्रती
- साक्षीदारांची नावे आणि त्यांचे सहीचे निवेदन
- कायद्यातील कलम आणि अनुसूचीतील नोंद, चालू मजकुरातून
- तुमच्या ओळखपत्राची प्रत

तक्रारीत संशयिताचे नाव केवळ ऐकीव माहितीवरून लिहू नका. जे पाहिले ते पाहिले म्हणून लिहा, जे ऐकले ते ऐकले म्हणून लिहा. आवक शिक्का आणि क्रमांक असलेली प्रत घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.

मासेमारांशी वैर घेऊन हे काम होत नाही. पाणमांजरे जाळी फाडतात आणि अडकलेले मासे खातात ही त्यांची तक्रार खरी आहे. आमच्या वळणावर जाळी लावणाऱ्या एका आजोबांकडे मी आधी गेलो असतो तर तो फास कोणी आणि का लावला हे बहुधा तेव्हाच कळले असते. गुन्हा घडला असेल तर तक्रार द्यावीच लागते. तो घडण्याआधी मात्र दोन-चार संध्याकाळी जेट्टीवर बसून त्यांचे ऐकून घ्या.

६. पाठपुरावा

साधारण पंधरा दिवसांनी लेखी विचारणा करा. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करा. शुल्क १० रुपये असते आणि उत्तर सामान्यतः ३० दिवसांत द्यावे लागते. "काय कारवाई केली?" असा मोघम प्रश्न विचारू नका. तक्रारीच्या आवक क्रमांकाचा उल्लेख करून वनगुन्हा नोंदवला आहे का, त्याचा क्रमांक काय, पंचनाम्याची प्रत आणि तक्रारीवरील टिप्पणीची प्रत, असे कागदच मागा.

तरीही काही हलले नाही तर कलम ५५ वाचा. या कायद्याखालील गुन्ह्याची दखल न्यायालय ठरावीक अधिकाऱ्यांच्या तक्रारीवरून घेते. मात्र शासनाला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला विहित पद्धतीने किमान ६० दिवसांची नोटीस दिलेल्या कोणत्याही व्यक्तीच्या तक्रारीवरूनही घेऊ शकते. हा अधिकार मोठा आहे, पण तो वकिलाच्या सल्ल्याशिवाय वापरू नये. नोटीस विहित नमुन्यात नसेल तर ती टिकत नाही आणि गेलेले दोन महिने परत मिळत नाहीत.

७. पिल्लू किंवा जखमी प्राणी सापडल्यास

घरी नेऊ नका, दूध पाजू नका. एकटे दिसणारे पिल्लू बहुतेक वेळा सोडून दिलेले नसते, आई जवळपास असते. लांब उभे राहून वनविभागाला कळवा. परिस्थितीमुळे ताब्यात घ्यावेच लागले तर तत्काळ वनविभागाच्या हवाली करा. शासनाच्या मालकीचा ठरणारा असा प्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन कलम ३९ मध्ये आहे. आठवडाभर बाथरूमच्या टबमध्ये ठेवून फोटो काढणारा माणूस, हेतू चांगला असला तरी, कायद्याच्या नजरेत आरोपी होऊ शकतो.

८. जागेला संरक्षण मिळवा

हे काम सर्वांत संथ आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचेही. आधी काठाची मालकी शोधा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार नदीचे पात्र सामान्यतः राज्य शासनाच्या मालकीचे असते, तर काठावरची जमीन बऱ्याचदा खासगी असते. तलाठ्याकडून गाव नकाशा आणि काठावरच्या गटांचे सातबारा उतारे घ्या, कारण पुढचा मार्ग मालकीवर ठरतो.

पात्र आणि काठ शासकीय असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३६अ खाली संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर होऊ शकते; त्याआधी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावा लागतो. पंजाबात २०१७ मध्ये बियास नदीचा सुमारे १८५ किलोमीटरचा पट्टा अशा रीतीने राखीव झाला आणि तिथे सिंधू नदीच्या डॉल्फिनबरोबर पाणमांजरेही आहेत. कोकणात तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र २०२० मध्ये जाहीर झाले. जमीन खासगी किंवा सामुदायिक असेल आणि मालक स्वेच्छेने पुढे येत असतील तर कलम ३६क खालील समुदाय राखीव क्षेत्राचा मार्ग आहे. अशा क्षेत्रात व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही, हे मालकांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा. हे लपवून मिळवलेली संमती एका वर्षात मोडते.

तिसरा मार्ग जैवविविधता अधिनियम, २००२ चा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या वहीतील नोंदी त्या नोंदवहीत अधिकृतपणे घालून घ्या. याच कायद्याच्या कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करता येते. आंबोलीत एका छोट्या माशासाठी, शिस्टुरा हिरण्यकेशीसाठी, २०२१ मध्ये असे स्थळ जाहीर झाले. जलचरासाठी इतकी लहान जागा राखता येते, तर डोहांच्या एका साखळीसाठी प्रस्ताव करायला काहीच हरकत नाही.

हे सर्व होईपर्यंत काठ खरवडला जात असेल तर वाट पाहत बसू नका. विनापरवाना वाळू उपसा हा महसुलाचा विषय आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) आणि ४८(८) खाली दंड आणि वाहन जप्ती होऊ शकते, म्हणून ती तक्रार तहसीलदारांकडे करा. सांडपाणी सोडले जात असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा. या तक्रारींत पाणमांजराचा उल्लेख करा, पण त्याच्यावरच सगळा भार टाकू नका, कारण बेकायदा उपसा हा पाणमांजर नसतानाही गुन्हाच असतो.

पावसाळ्यानंतर नकाशा दरवर्षी नव्याने करा. पुराने काठ बदलतो, जुनी बिळे कोसळतात आणि विष्ठेचे खडक वाळूखाली जातात. गेल्या वर्षीचा नकाशा जोडलेला प्रस्ताव स्थळ पाहणीच्या दिवशी खोटा ठरू शकतो.

आमच्या वळणाची नोंद आता लोक जैवविविधता नोंदवहीत आली आहे. काठावरच्या तीन जमीनमालकांपैकी दोघांनी लेखी संमती दिली आहे. तिसऱ्या काकांना शेतीपंपाची जागा हलवावी लागेल का, ही शंका आहे. ती रास्त आहे, म्हणून त्यांना तोंडी भरवसा न देता आम्ही वनविभागाकडे त्याचे लेखी उत्तर मागितले आहे, आणि ते येईपर्यंत ठरावाच्या मसुद्यात त्यांचा गट नंबर घातलेला नाही.